बिशप पिकेट यांनी विचारलेला प्रश्न

धर्म बदललेल्या गरीब माणसाला जग एक प्रश्न हटकून विचारते: 'तू का बदललास?' हा प्रश्न जिज्ञासेने क्वचितच विचारला जातो. बहुतेक वेळा विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरविलेले असते. सुशिक्षित सवर्ण गृहस्थाने गुरू बदलला, पंथ बदलला, घरातला देव्हारा माळ्यावर नेऊन ठेवला, तर त्यास वैचारिक परिवर्तन म्हणतात. गावकुसाबाहेरच्या माणसाने तेच केले की ते आमिष, चिथावणी किंवा राजकारण ठरते. शेजारी, कचेरी आणि कधी कधी स्वतःचे सोयरे अशा तिन्ही बाजूंनी आमच्या नवदीक्षित कुटुंबांना ह्या प्रश्नाचा मारा सोसावा लागतो. म्हणून हाच प्रश्न ज्याने उपहासासाठी नव्हे, तर उत्तर ऐकून घेण्यासाठी हजारो माणसांना विचारविला, त्या एका परदेशी धर्मोपदेशकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्यांचे नाव जॅरेल वॅस्कम पिकेट. ते मेथॉडिस्ट पंथाचे अमेरिकन मिशनरी होते.

बौद्धांच्या पाक्षिकात ख्रिस्ती मिशनऱ्याचे चरित्र कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पूज्य बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. १९५० मध्ये कलकत्त्याच्या 'महाबोधी' मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य ह्या विषयावर लेख लिहिला. त्या लेखात भिक्खुसंघाने ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या कार्यपद्धतीतील काही गोष्टी उचलाव्यात, शिक्षण व वैद्यकीय सेवा यांच्या द्वारे लोकांत मिसळावे, असे त्यांनी स्पष्टपणे सुचविले. दुसऱ्याचा धर्म न स्वीकारताही त्याच्या कामाची पद्धत पारखून घेता येते. किंबहुना ज्यास आपल्या निवडीविषयी खात्री आहे, त्यासच हे निर्भयपणे करता येते.

मेथॉडिस्ट ह्या नावातच पद्धतीचा अर्थ आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन वेस्ली व त्यांचे सोबती ऑक्सफर्ड येथे इतक्या शिस्तीने प्रार्थना, वाचन व तुरुंगातील कैद्यांची विचारपूस करीत की, लोकांनी थट्टेने त्यांना 'पद्धतवाले' म्हणण्यास आरंभ केला. तेच नाव पुढे पंथास चिकटले. वेस्ली यांचे प्रवचन ऐकण्यासाठी खाणकामगार व गरीब लोक हजारोंनी जमत. परंतु वेस्ली यांचा भर जमावावर नव्हता. प्रवचन संपल्यावर त्या माणसांचे काय होते, ही त्यांची खरी चिंता होती. म्हणून त्यांनी सुमारे बारा बारा माणसांचे लहान गट बांधले. प्रत्येक गटाने आठवड्यातून एकदा जमावे, एकमेकांच्या आचरणाची चौकशी करावी आणि ज्यास शक्य असेल त्याने एक पेनी वर्गणी द्यावी, असा नियम घातला. सभेने माणूस हलतो, परंतु गटाने माणूस घडतो, हे त्यांनी ओळखले होते. पिकेट ह्या परंपरेत वाढले.

पिकेट यांचा जन्म १८९० मध्ये अमेरिकेतील टेक्सास प्रांतात झाला. वडील धर्मोपदेशक होते. केंटकी प्रांतातील ॲस्बरी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथील त्यांचे स्नेही स्टॅन्ली जोन्स हे १९०७ मध्येच मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आले होते. १९१० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, पिकेटही लखनौस येऊन पोहोचले. मध्यंतरी क्षयाच्या विकाराने त्यांना गाठले. परंतु त्यातून उठून ते पुन्हा कामावर रुजू झाले. पुढे बिहारमधील आरा येथे खेड्यापाड्यांतून त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि त्यानंतर लखनौच्या 'इंडियन विटनेस' ह्या मेथॉडिस्ट पत्राचे संपादन केले. खेड्यातील अनुभव आणि संपादकाची चिकित्सक दृष्टी ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या पुढील कार्यास उपयोगी पडल्या.

ते कार्य समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती पाहिली पाहिजे. मिशनऱ्यांचा प्रथमपासूनचा मनोरथ उच्चवर्णीय विद्वान ख्रिस्ती व्हावेत असा होता. प्रत्यक्षात दार ठोठावले ते दुसऱ्यांनीच. १८७३ मध्ये पंजाबातील सियालकोट भागात डिट्ट नावाचा एक मनुष्य बाप्तिस्मा मागण्यासाठी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याकडे आला. तो पायाने अधू, निरक्षर, चामड्याची खरेदी-विक्री करून पोट भरणारा आणि चुहडा ह्या अस्पृश्य मानलेल्या जातीचा होता. मिशनरी कचरले. एवढ्याशा ओळखीवर दीक्षा कशी द्यावी? शेवटी त्यांनी ती दिली. आणि अशा माणसाने मिशनच्या आवारात आश्रयास राहावयाचे हा त्या काळचा परिपाठ असूनही डिट्ट आपल्या गावी परत गेला. घरच्यांनी व जातभाईंनी त्यास छळले, तरी तो ढळला नाही. काही महिन्यांतच तो आपली पत्नी, मुलगी व शेजारी यांना घेऊन परत आला. पुढील चाळीस-पन्नास वर्षांत त्या भागातील बहुतेक चुहडा समाज ख्रिस्ती झाला. आज पाकिस्तानात जे ख्रिस्ती लोक आहेत, त्यांतील बहुसंख्य ह्याच चळवळीचे वंशज होत.

अशाच सामुदायिक चळवळी तेलुगू मुलखात माला व मादिगा समाजांत, त्रावणकोरच्या दक्षिण भागात आणि संयुक्त प्रांतात मेथॉडिस्टांच्या क्षेत्रात झाल्या. पिकेट यांनी डिट्टची हकीकत मोठ्या आदराने नोंदविली आहे, आणि तिचा अर्थ आम्ही असा करतो की, ही चळवळ मिशनऱ्यांनी सुरू केलेली नव्हती. ती दलितांनी सुरू केली. मिशनरी तिच्या मागून धावत गेले. जे लोक दलितांच्या प्रत्येक निर्णयामागे कोणी तरी फूस लावणारा शोधतात, त्यांनी हे ध्यानी ठेवावे.

परंतु मिशनऱ्यांतही ह्याविषयी एकमत नव्हते. शेकडो माणसे एकदम येतात, ती खऱ्या श्रद्धेने येत असतील काय? पोटासाठी किंवा जमीनदारापासून संरक्षण मिळावे म्हणून आलेल्यांना घेऊन धर्माचा कस उतरणार नाही काय? असे प्रश्न खुद्द त्यांच्याच गोटात विचारले जात. तेव्हा नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलने ह्या चळवळींची शास्त्रशुद्ध पाहणी करण्याचे ठरविले आणि ते काम पिकेट यांच्याकडे सोपविले. पंजाबातील पसरूर, संयुक्त प्रांतातील एटा व गाझियाबाद, दक्षिण टोकाचे नागरकोइल अशा एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या क्षेत्रांत ही पाहणी झाली. तिचा वृत्तांत १९३३ मध्ये 'ख्रिश्चन मास मूव्हमेंट्स इन इंडिया' ह्या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

ह्या पाहणीत ३,९४७ माणसांना विचारण्यात आले: तुम्ही ख्रिस्ती का झालात? आलेली उत्तरे चार वर्गांत मांडली गेली. शेकडा सुमारे ३५ जणांनी धार्मिक कारणे सांगितली. सुमारे ८ जणांनी ऐहिक कारणे सांगितली: मुलांचे शिक्षण व्हावे, मिशनऱ्यांचे साहाय्य मिळावे, जमीनदाराच्या जुलमातून सुटका व्हावी. सुमारे २२ जण आपले कुटुंब व भाईबंद गेले म्हणून गेले होते. उरलेले सुमारे ३५ जण ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मले म्हणून ख्रिस्ती होते. 'सारे पोटासाठी गेले' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ह्या आकड्यांकडे पाहावे. ज्यांच्यावर हा सरसकट आरोप होता, त्यांच्यापैकी शंभरात आठांनीच ऐहिक कारण सांगितले, आणि तेही लपवून न ठेवता सांगितले.

येथे आमचे पिकेट यांच्याशी थोडे भांडण आहे. जमीनदाराच्या जुलमातून सुटावे, मुलाने शाळेत बसावे, ह्या इच्छांना त्यांनी ऐहिक म्हटले व धार्मिक कारणांपासून वेगळे काढले. आम्ही ही विभागणी मानत नाही. ज्या धर्मात मनुष्यास मनुष्य म्हणून उभे राहता येत नाही, तो सोडून जेथे उभे राहता येईल तेथे जाणे ह्याहून अधिक धार्मिक कारण कोणते? अन्यायातून सुटण्याची तळमळ हीच मनाच्या जागृतीची पहिली खूण होय. तिला पोटाची भूक म्हणणे म्हणजे जागृतीलाच नाव ठेवणे होय.

चौथा वर्ग तर साऱ्या वादाचे मूळच उघडे करतो. आईबापांचा धर्म म्हणून जो मनुष्य एखाद्या धर्मात राहतो, त्याच्या हेतूची चौकशी कोणी करीत नाही. बाबासाहेबांनी 'अवे फ्रॉम द हिंदूज' ह्या निबंधात नेमके ह्यावरच बोट ठेवले आहे. धर्म ही बापाकडून मुलाकडे चालत येणारी वडिलार्जित मिळकत झाली असताना, विचार करून धर्म बदलणाऱ्याकडेच प्रामाणिकपणाचा दाखला का मागावा, असा त्यांचा सवाल आहे. क्लोव्हिससारख्या राजांबरोबर त्यांची प्रजा ख्रिस्ती झाली तेव्हा तिच्या हेतूची पाहणी कोणी केली होती? युरोपचा इतिहास त्याविषयी मौन पाळतो.

आणि तरीही १९३६ च्या नोव्हेंबरात वर्ध्याजवळच्या सेगाव येथे, म्हणजेच पुढच्या सेवाग्रामात, काय घडले ते पाहा. जॉन मॉट हे अमेरिकन मेथॉडिस्ट पुढारी महात्मा गांधींना भेटले असता, धर्माची तुलना करण्याच्या बाबतीत काही अस्पृश्यांची समज गाईहूनही कमी आहे, अशा अर्थाचे उद्गार गांधीजींनी काढले, आणि ते त्यांच्याच 'हरिजन' पत्रात छापून आले. त्याच्या तीनच वर्षे आधी पिकेट यांनी त्याच लोकांपैकी हजारोंची उत्तरे छापून प्रसिद्ध केली होती. एकाने त्यांच्याविषयी मत दिले. दुसऱ्याने त्यांना विचारले. ह्या दोन वृत्तींतील अंतर हाच पिकेट यांचा मोठेपणा आहे. १९५६ साली मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीनेही मिशनऱ्यांकडून होणाऱ्या धर्मांतरांच्या हेतूंवर कठोर ताशेरे ओढले. आणि त्याच वर्षी नागपुरास बाबासाहेबांच्या दीक्षासमारंभात त्याच समितीचे अध्यक्ष माजी सरन्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांनी स्वतः बौद्ध धम्माचा स्वीकार केला. मनुष्य धर्म का बदलतो, ह्याचे उत्तर चौकशी समितीच्या दप्तरात मावत नाही, हेच ह्यावरून दिसते.

तथापि पिकेट यांच्या ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हेतूंविषयी नाही. हे लोक आता कसे जगतात, हे त्यांनी पुढे तपासले. प्रार्थनेस नियमाने जातात काय? मूलभूत तत्त्वे पाठ आहेत काय? घरात जुने देव, गंडेदोरे, भुताखेतांचे भय शिल्लक आहे काय? दारू सुटली काय? आपल्या संस्थेस स्वतःच्या कमाईतून काही देतात काय? ह्या कसोट्या लावल्यावर त्यांस असे आढळले की, मनुष्य कोणत्या हेतूने आत आला ह्यापेक्षा आत आल्यावर त्यास काय शिकविले गेले, ह्यावर त्याचे पुढचे जीवन अधिक अवलंबून असते. जे सामान्य कारणाने आले परंतु ज्यांना नीट शिक्षण मिळाले, ते पक्के झाले. जे उत्तम हेतूने आले परंतु पुढे वाऱ्यावर सोडले गेले, ते हळूहळू जुन्याच वाटेस लागले.

हा निष्कर्ष काढण्यास धैर्य लागते. कारण त्यातील दोष पिकेट यांच्याच मंडळींच्या पदरी येत होता. उत्तर हिंदुस्थानात मेथॉडिस्टांनी हजारो लोकांना बाप्तिस्मा दिला. परंतु शिकविणारी माणसे अपुरी पडली. पुढे तर दीक्षा मागणाऱ्यांना थांबवून ठेवण्याची पाळी आली. गावोगावची कुटुंबे नावाला ख्रिस्ती आणि आचाराने पूर्ववत अशी राहिली, आणि १९२० नंतरच्या शुद्धीच्या लाटेत त्यांतील कित्येक परत गेली. त्यांच्या श्रद्धेत खोट होती असे म्हणणे सोपे आहे. खरी खोट शिक्षणाच्या अभावात होती, हे पिकेट यांनी दाखवून दिले.

पिकेट यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एकटादुकटा मनुष्य धर्मांतर करतो, तेव्हा तो नात्यागोत्यातून उखडला जातो व मिशनच्या आश्रयावर जगू लागतो. सारी वस्ती मिळून गेली तर सोयरिकी टिकतात, सुखदुःखात माणसे उभी राहतात आणि धीर खचत नाही. तेलुगू मुलखात माला-मादिगांच्या वस्त्यांतील पालट डोळ्यांनी पाहून सवर्ण कुटुंबेही ख्रिस्ती होऊ लागली होती, हे त्यांनी आवर्जून नमूद केले. ज्यांना गाव तुच्छ मानी, त्यांचे आचरणच गावास उपदेश ठरले.

चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. पिकेट यांचे ध्येय आपल्या पंथाची वाढ हे होते. त्यांची सारी पाहणी त्या ध्येयासाठीच होती. ज्या पंथाने त्यांना पाठविले, त्याचे घरही स्वच्छ नव्हते. वेस्ली यांनी १७७४ मध्ये गुलामगिरीचा निषेध करणारे पुस्तक लिहिले होते. पण अमेरिकेतील त्यांच्या अनुयायांत १८४४ मध्ये गुलामगिरीच्याच प्रश्नावरून फूट पडली. १९३९ मध्ये ते पुन्हा एक झाले, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांना एका वेगळ्या विभागात बसविण्यात आले, आणि हा भेद १९६८ पर्यंत राहिला. हिंदुस्थानातील ख्रिस्ती समाजातही अनेक ठिकाणी जात चर्चच्या दारात थांबली नाही. बाकांवर आणि स्मशानातही वेगळेपण राहिले. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर केलेली टीका ह्याच अनुभवातून आलेली आहे. समतेचा उपदेश आणि समतेची बैठक ह्यांत अंतर पडले की, धर्मांतर अर्ध्या वाटेवर थांबते.

राज्यसंस्थेनेही ह्या लोकांना न्याय दिला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि दीर्घ लढ्यानंतर १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलितांना मात्र तो हक्क मिळालेला नाही. डिट्टच्या भाईबंदांनी धर्म बदलला म्हणून झाडू व चामडे त्यांच्या हातून आपोआप सुटले नाही. हे आम्ही विसरू नये. कारण चौतीस वर्षे आम्हीही त्याच दाराबाहेर उभे होतो.

पिकेट १९३५ मध्ये बिशप म्हणून निवडले गेले. त्यानंतर काही वर्षे ते मुंबईस होते, आणि बाबासाहेबांशी त्यांचा परिचय होता. पुढे ते दिल्लीस गेले व १९४७ च्या भीषण दिवसांत निर्वासितांच्या मदतकार्यात पडले. नेपाळात दवाखाने व शिक्षण नेण्यासाठी १९५४ मध्ये नागपूर येथे अनेक मिशनांनी मिळून जी संस्था स्थापन केली, तिच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १९५६ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी, त्याच नागपुरात, कोणत्याही परदेशी मिशनऱ्याविना, लाखो लोकांनी आपल्या नेत्याच्या मुखातून धम्मदीक्षा घेतली. १९८१ मध्ये एक्याण्णव वर्षांचे होऊन पिकेट वारले.

आता आमच्या नवदीक्षित कुटुंबांनी ह्या चरित्रातून काय घ्यावे? 'तू का बदललास?' ह्या प्रश्नाने खचून जाऊ नये, ही पहिली गोष्ट. तुम्ही भाषणाने भारावून आला असाल, भावकीबरोबर आला असाल किंवा अपमानाचा वीट येऊन आला असाल. ह्यांपैकी कोणतेही कारण लाजिरवाणे नाही. परंतु दुसरा प्रश्न, जो जग विचारीत नाही, तो आपणच आपणांस विचारला पाहिजे: बदलल्यानंतर काय? बावीस प्रतिज्ञा उच्चारण्यास काही मिनिटे लागतात. त्या घरात उतरण्यास वर्षे लागतात. भिंतीवर तथागतांची प्रतिमा लागली, पण लग्नाची तिथी अजून पंचांगातून निघते काय? मूल आजारी पडले की पाय दवाखान्याकडे वळतात की देवऋष्याकडे? सून आणि लेक यांच्या शिक्षणात घर भेद करते काय? आपल्याहून खालची मानलेली जात आपल्या पंगतीस बसते काय? पिकेट यांच्या पाहणीची ही कसोटी आम्हांलाही तितकीच लागू आहे.

म्हणून प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एकदा, दहा-बारा घरांनी का होईना, ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी जमावे. वंदना व्हावी, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथातील एक प्रकरण वाचून त्यावर चर्चा व्हावी. ज्यास वाचता येत नाही, त्यास शेजारच्या मुलीने वाचून दाखवावे. विहारासाठी देणगीदाराची वाट पाहू नये; प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे दरमहा थोडे द्यावे, म्हणजे विहार कोणाच्या उपकाराचा राहणार नाही. नवे कुटुंब दीक्षा घेईल, तेव्हा समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी जाणारा मनुष्य ठरलेला असावा.

आणि मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. पिकेट यांच्या आकड्यांतील चौथा वर्ग, म्हणजे आईबापांचा धर्म म्हणून जे त्या धर्मात आहेत ते, उद्या आमच्याच घरात वाढणार आहेत. आमच्या पिढीने धम्म निवडला. त्यांना तो आयता मिळेल. धम्म त्यांच्या हाती केवळ वडिलार्जित मिळकत म्हणून जाणार असेल, तर ज्या गोष्टीची आम्ही इतरांना नावे ठेवतो तीच आमच्याकडे होईल. त्यांनाही तो समजून, प्रश्न विचारून आणि पटवून घेऊन स्वतः निवडता आला पाहिजे. ही जबाबदारी भिक्खूंची, नेत्यांची किंवा सरकारची नव्हे; ती प्रत्येक घरातील आईबापांची आहे.